बंदी उठल्यानंतरचे गाणे

१९६९ सालच्या पावसाळ्यात, अवघ्या ७७ दिवसांच्या अवधीत, महाराष्ट्राने आपले तीन मोठे आवाज गमावले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले आणि २९ ऑगस्टला शाहीर अमर शेख गेले. पहिल्या दोघांचे निधन मुंबईत झाले. तिसऱ्याला मृत्यूने गाठले ते आमच्या भागात. पुणे-सोलापूर रस्त्यावर इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातात अमर शेख दगावले. हाच रस्ता पुढे टेंभुर्णीला जातो आणि तिथून कुर्डुवाडीमार्गे बार्शी गाठता येते. बार्शी हे त्यांचे जन्मगाव. २० ऑक्टोबर १९१६ रोजी तिथे जन्मलेल्या मेहबूब हुसेन पटेल नावाच्या मुलाचा पुढे अमर शेख झाला आणि पंचविशी उलटल्यावर तो एका कलापथकाचा बुलंद कंठ झाला. त्या कलापथकाचे नाव लाल बावटा.

इंदापूर म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांना मालोजीराजांची गढी आठवते, चांदशहावली बाबांचा दर्गा आठवतो, उजनीचे पाणी आणि त्यावर येणारे रोहित पक्षी आठवतात. बारामती म्हटले की मराठीच्या वर्गात कऱ्हाकाठच्या मोरोपंतांचा उल्लेख आपोआप होतो. अमर शेखांचे नाव मात्र या भूगोलाला चिकटलेले नाही. मृत्यूचे ठिकाण म्हणजे काही कर्मभूमी नव्हे, हे मान्य. तरीही गेली पंधरा-सोळा वर्षे या दोन तालुक्यांत मराठी शिकवत असताना मला हे विस्मरण अधूनमधून टोचत राहिले आहे. त्याविषयी नीट विचार करणे भाग पडले, ते मात्र अगदी वेगळ्या कारणाने.

तृतीय वर्षाच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला गिटारचा नाद आहे. वडिलांची ऊसशेती, मुलगा मोबाईलवर जगभरातले बँड ऐकतो. मौखिक परंपरेवरच्या चर्चेसाठी त्याने विषय निवडला तो लष्करी राजवटीतल्या गायकवृंदांचा. मी जरा साशंक होते, पण तो तयारी करून आला होता. चिली देशात ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतर पाचच दिवसांनी व्हिक्टर हारा या गायकाला सांतियागोच्या बंदिस्त क्रीडागृहातील कैदेत छळ करून गोळ्या घालण्यात आल्या. इन्ती-इयीमानी हा गायकवृंद त्या वेळी इटलीच्या दौऱ्यावर होता, तो पंधरा वर्षे मायदेशी परतू शकला नाही. किलापायून हा दुसरा वृंद फ्रान्समध्ये अडकला. रॉक संगीतात अँडीज पर्वतातली लोकवाद्ये मिसळणारा लोस हाइवास हा बँड देश सोडून आधी अर्जेंटिनात आणि पुढे फ्रान्समध्ये राहिला. ज्या वाद्यांशी आधीच्या डाव्या सरकारच्या काळातली गाणी जोडली गेली होती, ती चारांगो आणि केना यांसारखी साधी लोकवाद्येदेखील नव्या सत्तेला संशयास्पद वाटू लागली. मग १९७४ मध्ये बारोको आन्दिनो नावाचा एक गट पुढे आला. त्याने त्याच वाद्यांवर बाखसारख्या जुन्या युरोपीय संगीतकारांच्या रचना वाजवायला सुरुवात केली, त्याही चर्चमध्ये. वाद्य तेच, सूर परका आणि प्रतिष्ठित. आक्षेप तरी कशाला घेणार?

वर्ग शांतपणे ऐकत होता. शेवटी त्या मुलाने विचारले, "मॅडम, आपल्याकडे असा एखादा बँड होता का?"

मी म्हणाले, होता. त्याच्याकडे गिटार नव्हती. डफ, तुणतुणे आणि ढोलकी होती.

हे उत्तर मी पटकन दिले खरे, पण त्याने माझ्यावरच जबाबदारी टाकली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मी लाल बावटा कलापथकाकडे पुन्हा वळले. या वेळी एकेका शाहिराचे चरित्र म्हणून नव्हे, तर एका गटाचे चरित्र म्हणून. आणि मग लक्षात आले की आपल्या वाङ्मयेतिहासात व्यक्तींची चरित्रे आहेत, प्रवृत्तींची आहेत, नियतकालिकांची आहेत, पण गाणाऱ्या गटांची चरित्रे फारशी नाहीत. रॉक संगीताच्या इतिहासात मात्र बँड हेच मुख्य पात्र असते. तो केव्हा जमला, कोण कशामुळे आला, कोणी कोणाशी भांडण केले, केव्हा फुटला, हे सारे तिथे इतिहासाचा भाग मानले जाते. ही दृष्टी आपल्या शाहिरीला लावून पाहण्यासारखी आहे.

लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभे राहिले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन आधारस्तंभ. अण्णा भाऊ वाटेगावचे, मातंग समाजातले. लहानपणी कुटुंबासह पायी मुंबईला आलेले, शाळेच्या चौकटीत न मावलेले, गिरणीत आणि मिळेल तिथे राबलेले, माटुंग्याच्या लेबर कँपात राजकारणाची अक्षरे गिरवलेले. अमर शेखांनी मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, बार्शीच्या गिरणीत मजुरी केली, संपात भाग घेऊन तुरुंग पाहिला आणि मग कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीची वाट धरली. त्यांच्या आईला, मुनेरबींना, ओव्या येत असत आणि त्यांच्या गळ्यातला सूर तिकडून आला, असे सांगितले जाते. गव्हाणकर स्वतः लिहिणारे आणि गाणारे. तिघांना एकत्र आणणारा धागा कम्युनिस्ट पक्षाचा. १९४३ मध्ये मुंबईत इप्टाची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची, स्थापना झाली होती. बंगालच्या दुष्काळाने कलावंतांना रस्त्यावर आणले होते. अण्णा भाऊंचा 'स्टालिनग्राडचा पवाडा' तेव्हा कामगारवस्त्यांत गाजत होता.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण गौरवलेखांत ती बहुधा गाळली जाते. १९४२ च्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली, कारण सोव्हिएत संघ युद्धात उतरल्यानंतर पक्षाने त्या युद्धाला लोकयुद्ध मानले होते. पुढच्याच महिन्यात 'चले जाव'ची घोषणा झाली आणि काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले. म्हणजे ज्या काळात देशातले अनेक आवाज गजाआड होते, त्याच काळात या कलापथकाला मोकळा रस्ता मिळाला. बंदीशी लढलेल्या या गटाचा जन्म असा एका परवानगीच्या काळातला आहे. यामुळे त्याचे मोठेपण उणावत नाही. मात्र सत्ता आणि गाणे यांचे नाते 'ती दडपते, ते उसळते' एवढ्या एका ओळीत मावत नाही, हे ध्यानात येते.

कलापथकाने तमाशाची चौकट उचलली आणि आतला ऐवज बदलला. परंपरेने गणात गणपतीला वंदन असते. अण्णा भाऊंनी तिथे मायभूमीला, हुतात्म्यांना आणि राबणाऱ्या माणसांना वंदन केले. गौळणीला फाटा दिला. बतावणीतला विनोद सावकार, काळाबाजारवाला आणि भोंदू पुढारी यांच्याकडे वळवला. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'माझी मुंबई' ही वगनाट्ये याच मुशीतली. ज्या कलेकडे पांढरपेशा समाज नाक मुरडून पाहत होता आणि चोरून जात होता, ती कला त्यांनी कामगार मैदानात, उजेडात, बायकामुलांसमोर आणून उभी केली.

स्वातंत्र्यानंतर दिवस फिरले. १९४८ च्या आरंभी कलकत्त्याच्या अधिवेशनात कम्युनिस्ट पक्षाने लढाऊ मार्ग पत्करला आणि ठिकठिकाणच्या सरकारांनी त्याच्यावर कारवाई सुरू केली. मुंबई राज्यात गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. कार्यकर्त्यांची धरपकड झाली, कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. तमाशावरही अश्लीलतेचे कारण देऊन सरकारने निर्बंध घातले. अश्लीलता हा आक्षेप सर्वस्वी खोटा होता असे म्हणता येणार नाही, पण तो सोयीचा होता एवढे नक्की. एकाच दोरीने शृंगारिक लावणीही बांधता येत होती आणि सावकाराची टर उडवणारा वगही.

या टप्प्यावर कलापथकाने जे केले, ते मला बारोको आन्दिनोच्या युक्तीइतकेच विलक्षण वाटते. तमाशाला लोकनाट्य म्हणण्याचा प्रघात याच काळात रूढ झाला आणि त्याचे श्रेय सामान्यतः अण्णा भाऊंना दिले जाते. तमाशावर बंदी असेल तर असो, आम्ही सादर करतो ते लोकनाट्य. चिलीतल्या तरुणांनी वाद्य तेच ठेवून संगीत बदलले. आपल्या शाहिरांनी खेळ तोच ठेवून नाव बदलले. त्या युक्तीचा एक परिणाम मात्र युक्ती करणाऱ्यांच्याही हिशेबात नसावा. नाव बदलताच तमाशाला प्रतिष्ठितांच्या नाट्यगृहाचे दार उघडले. पुढच्या दोन दशकांत लोकनाट्य हा मध्यमवर्गाच्या कौतुकाचा विषय झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या बोर्डावर उभे राहणारे मूळ तमासगीर पुन्हा फडातच राहिले. बंदी चुकवण्यासाठी घेतलेला वेश अंगाला चिकटून बसला.

विद्यार्थ्याने पुढे विचारले, "मग तीही हुकूमशाहीच म्हणायची ना?" हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. माझे उत्तर नकारार्थी आहे. मुंबई राज्यातले सरकार निवडून आलेले होते, न्यायालये चालू होती, वृत्तपत्रे टीका करीत होती आणि १९५२ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्ष उघडपणे उतरला होता. अण्णा भाऊंना पोलिसांचा ससेमिरा सोसावा लागला, परंतु व्हिक्टर हारांच्या वाट्याला जे आले ते इथे कोणाच्या वाट्याला आले नाही. दोन्हींना एकाच नावाने हाक मारली तर हारांच्या मृत्यूचे वजन कमी होते आणि आपल्या लोकशाहीविषयी आपण खोटे बोलतो.

पण हत्यारांकडे पाहिले तर साम्य चटकन दिसते. नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा ब्रिटिश कायदा १८७६ चा. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर परकीय सरकारने १९१० मध्ये बंदी घातली, ती प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला माहीत असते. स्वातंत्र्यानंतर ती मनोवृत्ती आणि ती कागदपत्रे आपल्याबरोबरच राहिली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३३ ने सार्वजनिक खेळांना परवाने देण्याचे नियम करण्याचा अधिकार पोलिसांकडे सोपवला. १८७६ चा तो मूळ कायदा केंद्राने रद्द केला, तो थेट २०१८ मध्ये. हुकूमशाहीत गायकाला गोळी घालतात, लोकशाहीत त्याच्या अर्जावर सही करीत नाहीत. हा फरक जीवनमरणाचा आहे, म्हणून तो कधी पुसू नये. पण सही न करणारा अधिकारी आणि त्याची फाईल, ही जोडी दोन्हीकडे ओळखीची असते.

१९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात हे अंतर आणखी कमी झाले. संजय गांधींच्या मर्जीतल्या कार्यक्रमाला नकार दिल्यामुळे १९७६ मध्ये किशोरकुमारची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून गायब झाली. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोललेल्या दुर्गाबाई भागवत पुढे तुरुंगात गेल्या. आणि त्या एकवीस महिन्यांतला बराचसा काळ जे कैदेत होते, त्यांत मोरारजी देसाईही होते. शाहिरांच्या प्रयोगांना मनाई करणाऱ्या गृहमंत्र्यावर स्वतः मुक्यानेच बसण्याची पाळी आली. यात काव्यगत न्याय शोधण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. अन्यायाने अन्यायाची फेड होत नाही. फक्त हत्यार जपून ठेवले की ते कोणाच्याही हाती जाऊ शकते, एवढाच बोध त्यातून घेता येतो.

तुलनेचा आणखी एक काटा आहे आणि तो आपल्या नायकांना बोचणारा आहे. ज्या देशाचे पवाडे कलापथक गात होते, त्या देशात कवींचे काय चालले होते? ओसिप मांदेलश्ताम हा श्रेष्ठ रशियन कवी १९३८ मध्ये छावणीत मरण पावला. अमर शेखांना अत्र्यांनी महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले, असे नेहमी सांगितले जाते. तो मायकोव्हस्की १९३० मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेऊन गेला होता. स्टालिनग्राडची लढाई नाझींविरुद्धची होती आणि तिचा पवाडा गाणे १९४३ मध्ये सर्वथा योग्य होते. पण त्या पवाड्यापलीकडे, तिथल्या सत्तेच्या अंतर्भागात, गाणाऱ्यांचे गळे कसे आवळले जात होते, याची चाहूल या शाहिरांच्या रचनांत लागत नाही. अण्णा भाऊ १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले, त्यांचे प्रवासवर्णन आजही वाचनीय आहे, पण ते एका कृतज्ञ पाहुण्याचे वर्णन आहे. ज्या माणसाला स्वतःच्या देशात माणूस म्हणून उभे राहायला जागा मिळाली नाही, त्याला दुसऱ्या एका देशाने मानाने बोलावले. त्याची कृतज्ञता मला समजते. तिच्यामुळे काय दिसले नाही, हेही मला विद्यार्थ्यांना सांगावे लागते. दोन्ही गोष्टी एका तासात सांगता येतात, असा माझा अनुभव आहे.

या साऱ्या गुंत्यातून कलापथकाचा आवाज सर्वांत उंच चढला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. या चार-पाच वर्षांत शाहीर सभेच्या आधी गात आणि बरेचदा सभा त्यांच्यासाठीच भरे. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड याच काळातली. कामासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची मैना, हा विरह ऐकता ऐकता बेळगाव-कारवारचा विरह होतो. सीमाप्रश्नावर एवढे लिहिले गेले, पण नकाशाच्या प्रश्नाला घरातल्या माणसाचे दुःख देण्याचे काम त्या एका छक्कडीने केले.

माझ्या वडिलांनी शाळकरी वयात अमर शेखांना ऐकले होते. आमचे मूळ गाव भीमेकाठचे, इंदापूर तालुक्यातले. वडील चुलत्यांबरोबर बैलगाडीतून कुठल्याशा मोठ्या गावच्या सभेला गेले होते. ते गाव कोणते, पुढारी कोण आले होते, भाषणे काय झाली, यातले काही त्यांच्या स्मरणात नव्हते. कर्णा मध्येच बंद पडला आणि तरी शेवटच्या माणसापर्यंत आवाज येत राहिला, एवढे मात्र ते सांगत. आणखी एक तपशील ते आवर्जून सांगत. शाहीर ओळ सोडायचा तेव्हा मागच्या दोघांनी ती उचलली की अंगावर काटा यायचा. नुसत्या शाहिरामुळे नाही, मागच्यांमुळे. वडील साहित्याचे अभ्यासक नव्हते, शेतकरी होते. पण पोवाड्यात झीलकऱ्याचे स्थान काय, हे मला कोणत्याही ग्रंथाआधी त्यांच्याकडून कळले. मुख्य शाहीर श्वास घेतो त्या क्षणी गाणे मरू नये, म्हणून झीलकरी असतो. बँड म्हणजे काय, याचे याहून सोपे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

मग हे कलापथक संपले कसे? गौरवाची सवय असलेले मन म्हणते, बंदीने संपवले. घटनाक्रम तसे म्हणत नाही. बंदीत ते जगले, उलट नाव बदलून नव्या गावांत गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले आणि ज्या मागणीने साऱ्यांना एका सुरात बांधले होते ती बऱ्याच अंशी पुरी झाली. अमर शेखांनी पुढे स्वतःचे कलापथक चालवले, चित्रपटांत कामे केली. 'कलश' आणि 'धरतीमाता' या संग्रहांतून ते कवी म्हणून उभे राहिले. अण्णा भाऊ कथा-कादंबरीकडे अधिकाधिक वळले. १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये पक्ष दुभंगला. त्यात पोटाचा प्रश्न होताच. चळवळ ऐन भरात असताना शाहिराला कोणीतरी भाकरी देतो, चळवळ ओसरल्यावर त्याने काय खावे याची तरतूद कोणत्याही पक्षाच्या घटनेत नसते. अण्णा भाऊंची शेवटची वर्षे हलाखीत गेली, हे सर्वज्ञात आहे.

गंमत अशी की चिलीतही हेच झाले. इन्ती-इयीमानी १९८८ मध्ये मायदेशी परतला तेव्हा हजारो लोक त्याच्या स्वागताला जमले. पंधरा वर्षांच्या हद्दपारीत जो गट एकसंध राहिला, तो परतल्यावर, लोकशाहीत, २००० नंतरच्या वर्षांत दुभंगला आणि एकाच नावावर दोन गट हक्क सांगू लागले. किलापायूनचीही गत तीच झाली. दडपशाही कलेला पोसते असा एक रम्य समज साहित्यवर्तुळांत आहे. तो क्रूरही आहे, कारण त्यात मेलेल्यांचा हिशेब धरला जात नाही. खरे एवढेच की समोर भिंत असली की माणसे खांद्याला खांदा लावतात. भिंत पडल्यावर खांदा कशासाठी लावायचा, याचे उत्तर आधीपासून शोधून ठेवावे लागते.

आता मी त्या मुद्द्याशी येते ज्यासाठी हा लेख लिहिला. लाल बावटा कलापथकाची खरी फाटाफूट त्याच्या शिलेदारांच्या हयातीत झाली नाही. ती त्यांच्या स्मरणात झाली. १ ऑगस्टला गावोगावी अण्णा भाऊंची जयंती होते. बारामती-इंदापुरातही मिरवणुका निघतात, फलक लागतात. ज्या समाजाने हे स्मरण नेटाने टिकवले त्याचे आपण सर्वांनी ऋणी असले पाहिजे, कारण विद्यापीठांनी अण्णा भाऊंना जवळ करण्याच्या कितीतरी आधी त्या वस्त्यांनी त्यांचे छायाचित्र भिंतीवर लावले होते. २००२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. राज्य शासनाने त्यांचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले. हे सारे उचितच झाले. पण २० ऑक्टोबरला अमर शेखांची मिरवणूक कोण काढणार? ते मुसलमान होते, पण मुस्लिम समाजाचे पुढारी म्हणून नव्हते. डावे होते, पण डाव्यांपाशी आता गर्दी नाही. मराठीचे कवी होते, पण मराठीच्या पाठ्यपुस्तकांत अधूनमधून डोकावतात एवढेच. त्यांच्या कन्या, कवयित्री मलिका अमर शेख, यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनामुळे काही वाचकांना वडिलांचे नाव पुन्हा आठवते. आणि गव्हाणकर तर त्याहूनही मागे पडले.

ज्या तिघांनी जात, धर्म आणि गाव बाजूला ठेवून एका सुरात गाणे शक्य आहे हे दाखवले, त्यांच्या आठवणींची आपण जातवार वाटणी केली. वाट्याला कोणी आला नाही तो बेवारस राहिला. मोरारजींच्या पोलिसांना जे साधले नाही ते आपल्या दिनदर्शिकेने साधले. हे वाक्य कडवट आहे याची मला जाणीव आहे, पण वर्गात दरवर्षी हे घडताना मी पाहते. 'अण्णा भाऊ आमचे' असे म्हणणारे डोळे चमकतात आणि बाकीचे खाली पाहतात. 'अमर शेख' म्हटले की सगळेच डोळे सारखे कोरे असतात.

चिलीने या बाबतीत काही वेगळे केले आहे का? ज्या क्रीडागृहात व्हिक्टर हारांना मारले, त्याला आता त्यांचेच नाव आहे. त्यांच्या मारेकऱ्यांवरील शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, कायम केली. न्याय फार उशिरा आला, पण त्या अर्धशतकात हारांची गाणी निदर्शनांत, शाळांत, नव्या बँडांच्या मैफलींत गायली जात होती. म्हणून खटला जिवंत राहिला. स्मारकामुळे गाणे टिकत नाही, गायल्यामुळे टिकते, ही गोष्ट तशी साधीच.

आमच्या अभ्यासक्रमात शाहिरी येते ती छापील शब्दांच्या रूपात. रचनेचा आशय सांगा, भाषिक वैशिष्ट्ये स्पष्ट करा, दहा गुण. वर्षानुवर्षे मीही ती तशीच शिकवली. प्रश्नपत्रिका तशी असते आणि विद्यार्थ्यांना गुण हवे असतात. गेल्या वर्षी मात्र अभ्यासक्रमाबाहेर, शनिवारच्या मोकळ्या तासाला, आठ-दहा मुलामुलींना घेऊन आम्ही एक पोवाडा उभा करून पाहिला. गिटारवाला मुलगा होता. हलगी वाजवणारा एक होता, त्याच्या घरात ते वाद्य परंपरेने आहे आणि कॉलेजात ते आणायला तो सुरुवातीला तयार नव्हता. एक मुस्लिम मुलगी होती, आवाज खणखणीत, पण घरून स्टेजवर गाण्याची परवानगी नाही, म्हणून वर्गातच गायली. पहिल्या दिवशी सगळे मुख्य शाहीर व्हायला उत्सुक होते आणि झील धरायला कोणी तयार नव्हते. तिसऱ्या शनिवारी गाण्याने जरा आकार घेतला तेव्हा उलटे झाले. मागे उभे राहून ओळ उचलण्यात काय मजा आहे, हे एकेकाला कळले होते.

त्या मुलांना मी लाल बावट्याचा सगळा इतिहास सांगितला. १९४२ ची परवानगी, १९४८ ची बंदी, रशियाविषयीचे मौन, १९६९ चा पावसाळा, सारे काही. हलगीवाल्या मुलाला अण्णा भाऊ माहीत होते, अमर शेख नव्हते. त्या मुलीला दोघेही माहीत नव्हते. ती म्हणाली, "मॅडम, ते आमच्यातले होते?" मी उत्तर देण्याआधीच हलगीवाला म्हणाला, "ते अण्णा भाऊंच्या पार्टीतले होते."

तमाशात 'पार्टी' म्हणजे फड, संच, सोबती. त्या मुलाने तो शब्द नकळत नेमक्या अर्थाने वापरला होता. मी त्यात दुरुस्ती केली नाही. पुढच्या शनिवारी काय बसवायचे, यावर त्यांचा वाद सुरू झाला होता.